उरलेल्या पैशांचा डबा

जी वस्तू पाहुण्यांना दिसत नाही तिच्यावर पैसे खर्च करायचे नाहीत, हे आपल्या मध्यमवर्गाचे पहिले आर्थिक तत्त्व आहे. कॉमर्सच्या कुठल्याही पुस्तकात ते छापलेले नाही. छापायची गरजच नाही. ते आपल्या अंगात जन्मतःच मुरलेले असते. फ्लॅट घेतला की हॉलमध्ये लाखाचा सोफा येतो आणि भिंतीतली वायर मात्र इलेक्ट्रिशियन आणील ती चालते. लग्नात स्टेजभर ऑर्किडची फुले लागतात आणि आचाऱ्याशी घासाघीस होते ती तेलाच्या डब्यावरून. सूट शिवतात तो वीस हजारांचा. त्याच्या आत जो बनियन असतो त्याचे वर्णन मी इथे करीत नाही, वाचकांनी आपापला पाहून घ्यावा.

या तत्त्वाबद्दल मला एरवी आदरच आहे. बँकेत कारकुनी करून ज्याने गृहकर्जाचे हप्ते फेडले त्याला तो असतोच. पण हेच तत्त्व घरी जुळवलेल्या कॉम्प्युटरला लावले की काय अनर्थ होतो, याविषयी मी गेले काही महिने ऑफिसात, लोकलमध्ये आणि दोन बारशांत तावातावाने बोललो. बारशांतले लोक पेढा घेऊन उठून गेले. म्हणून आता लिहितो आहे. वाचणारा मधेच उठून गेला तरी लिहिणाऱ्याला ते दिसत नाही, हा लेखनाचा मोठा फायदा आहे.

तर कॉम्प्युटर घरी जुळवायचा म्हणजे सुटे भाग बाजारातून आणायचे आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसायचे. आमच्या भाच्याला असा कॉम्प्युटर हवा होता. भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बजेट पंचेचाळीस हजार. त्यातले दहा त्याने शिकवण्या घेऊन जमवलेले, पंधरा त्याच्या वडिलांचे आणि वीस आजीचे. आजीने त्यासाठी एफडी मोडली. मोडायचा फॉर्म मीच आणून दिला आणि मुदतीआधी मोडल्याबद्दल व्याज कापले गेले तेही माझ्याच काउंटरवर. तेव्हा या पैशाचे पुढे काय होते इकडे माझे लक्ष असणे स्वाभाविक होते.

भाच्याने यादी केली होती. यादी कसली, प्रबंधच तो! प्रोसेसरसमोर नऊ ओळींची चर्चा. ग्राफिक्स कार्डासमोर दोन पर्याय आणि तीन उद्गारचिन्हे. कॅबिनेट काचेच्या बाजूचे, आत रंग बदलणारे चार पंखे. म्हणजे कॉम्प्युटर चालू केला की गणपतीची आरास. आणि सगळ्यात खाली, पानाच्या कडेला, एक ओळ होती: “एसएमपीएस — जे उरेल त्यात.”

उरत होते साडेसातशे.

हा एकट्या भाच्याचा दोष म्हणावा तर तसेही नाही. मी नंतर ऑफिसातल्या, शेजारच्या, नात्यातल्या अशा बऱ्याच पोरांच्या याद्या पाहिल्या. सगळ्यांत एसएमपीएस शेवटी. लग्नाच्या आमंत्रणयादीत लांबच्या आत्येभावाची जी जागा असते ती त्याची. आला तर आला!

आता हा डबा करतो काय, ते ऐका. भिंतीतून २३० व्होल्टची वीज येते. ती सेकंदाला पन्नास वेळा आवर्तन करणारी, म्हणजे स्वभावाने चंचल. कॉम्प्युटरच्या आतल्या मंडळींना असली वीज सोसत नाही. त्यांना लागते १२, ५ आणि ३.३ व्होल्टची, एका दिशेने वाहणारी आणि जराही न हलणारी. एसएमपीएस आलेली वीज आधी सरळ करतो, मग सेकंदाला हजारो वेळा तिचे तुकडे पाडतो, छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून खाली उतरवतो आणि पुन्हा सरळ करून पुढे वाढतो. तुकडे इतक्या वेगाने पडतात म्हणूनच ट्रान्सफॉर्मर मुठीत मावण्याएवढा छोटा चालतो. १९७७ साली ॲपल-२ निघाला त्यात रॉड होल्ट या इंजिनिअरने असाच पुरवठा बसवला होता, त्यामुळे ते यंत्र हलके राहिले आणि पंख्याशिवाय चालले. १९८१ च्या आयबीएम पीसीतला डबा होता साडेत्रेसष्ट वॅटचा. आज नुसत्या ग्राफिक्स कार्डाला याच्या दुप्पट लागते.

म्हणजे प्रोसेसर असो, रॅम असो की डिस्क असो, पेटीतला प्रत्येक भाग या एका डब्याच्या हातचे जेवतो. आणि आपण काय करतो? बाकी सगळ्यांना पंगतीत बसवून झाल्यावर आचाऱ्यासाठी चिल्लर शोधतो.

आम्ही खरेदीला गेलो लॅमिंग्टन रोडला. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण ग्रँट रोड स्टेशनला उतरून त्या नावाने विचाराल तर लोक तुम्हांलाच उलट पत्ता विचारतील. दुकानदार मोठा गोड माणूस. म्हणाला, “साहेब, एसएमपीएसचं टेन्शन घेऊच नका. हे कॅबिनेट घ्या, आत बसवूनच येतो. फुकट.”

ज्याने बँकेत वीस वर्षे काढली त्याला ‘फुकट’ हा शब्द ऐकला की चष्मा पुसावासा वाटतो. मी पुसला आणि डबा हातात घेतला. बाजूला ठळक अक्षरांत ‘४५० वॅट’. खाली बारीक अक्षरांत एक कोष्टक. सामान्य माणूस ठळक अक्षरे वाचतो. कारकुनाची जात आधी बारीक अक्षरांकडे जाते. कोष्टकात १२ व्होल्टसमोर लिहिले होते १४ अँपिअर. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट, एवढे गणित कॉमर्सवाल्यालाही येते. बारा चोक अठ्ठेचाळीस, हातचे चार... एकशे अडुसष्ट.

“हे तर एकशे अडुसष्टच झाले,” मी म्हटले.

“बाकीचे पाच व्होल्टवर आहेत ना, साहेब. अन् तीन पॉइंट तीनवर.”

तेही केले. पाचवर २८ अँपिअर म्हणजे एकशे चाळीस. तीन पॉइंट तीनवर २५ म्हणजे साडेब्याऐंशी. तिन्हींची बेरीज तीनशे नव्वद. “अजून साठ कुठे गेले?”

“ते पीक आहे, साहेब.”

“पीक यायचे तेव्हा येईल हो,” मी म्हटले, “आत्ता कणगीत धान्य किती ते सांगा.”

इथे वाचकांनी एक गोष्ट गाठीला बांधून ठेवावी, कारण सगळी मेख इथेच आहे. जुनी यंत्रे ५ आणि ३.३ व्होल्टवर बरेच जगत असत. २००० साली पेंटियम-४ आला, त्याच्याबरोबर प्रोसेसरसाठी १२ व्होल्टचा वेगळा चार पिनांचा जोड आला, आणि तेव्हापासून सारा भार १२ कडे सरकत गेला. आजचा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड हे दोन्ही खादाड जवळजवळ सगळे १२ व्होल्टवरच जेवतात. ५ व्होल्टवर १४० वॅट लिहिले असले तरी ते घ्यायला आज कोणी नाही. तेव्हा या ४५० वॅटच्या डब्यातून आपल्या कामाला येणारे वॅट एकशे अडुसष्ट. नोकरदारांच्या भाषेत सांगायचे तर ग्रॉस साडेचारशे, हातात एकशे अडुसष्ट. आणि घरखर्च आहे पावणेतीनशेचा. अशा माणसाला आमची बँक कर्ज देत नाही.

यावर बाजूला उभे असलेले एक गृहस्थ म्हणाले, “अहो, माझ्याकडे असलाच आहे. आठ वर्षं झाली. चालतंय की!”

‘चालतंय की’ हा महाराष्ट्राचा बोधमंत्र आहे आणि माझे भांडण त्याच्याशी आहे. मी त्या गृहस्थांना विचारले, कॉम्प्युटरवर काय करता? म्हणाले, सोसायटीचे हिशेब आणि जुनी गाणी. ग्राफिक्स कार्ड? नाही. मग बरोबर आहे. तसल्या यंत्राला जेमतेम ऐंशी-शंभर वॅट लागतात. एकशे अडुसष्टचा बैल रिकामी गाडी आठ वर्षे ओढील. पण म्हणून त्याच गाडीत ऊस भरा असे जगाला सांगत फिरू नये. थकेपर्यंत प्रत्येक कर्ज उत्तमच असते, हे मी तारखेवार दाखवू शकतो.

बरे, कमी वॅट एवढाच गुन्हा असता तर मी लेख लिहिला नसता. कॉम्प्युटर बंद पडला असता, पोरगा हळहळला असता, संपले. पण स्वस्त डब्यात स्वस्ताई येते ती काय काय काढून टाकल्यामुळे येते, हे पाहायला हवे. असला एक डबा उघडलेला मी एका दुरुस्तीवाल्याकडे पाहिला. (तुम्ही घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये जबर धक्का बसण्याइतकी वीज काही काळ शिल्लक असते.) छापील सर्किटवर जिथे विजेतला कचरा गाळायची कॉईल बसायला हवी, तिथे सरळ तारेचा तुकडा. काही जागा नुसत्याच मोकळ्या. भाडेकरू न मिळालेल्या गाळ्यांसारख्या. कपॅसिटर १०५ अंशांऐवजी ८५ अंश सोसणारे. अशा कपॅसिटरचे गणित ढोबळमानाने असे, की उष्णता दहा अंशांनी वाढली की आयुष्य निम्मे. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ही मूठ उघडली आणि साडेसातशे निघाले.

चांगला एसएमपीएस हा माझ्या दृष्टीने जामीनदार असतो. व्होल्टेज चढले, कुठे शॉर्ट झाले, भार वाढला, डबा तापला, की तो स्वतः बंद पडतो आणि मागची मंडळी वाचवतो. त्यासाठी आत वेगवेगळी संरक्षणे असतात आणि त्यांचे पैसे पडतात. स्वस्तातला जामीनदार मात्र आमच्याकडे येतात त्यांतल्या काहींसारखा. सही करताना हसतमुख. आणि वेळ आली की पळून जातो, वर जाताना कर्जदाराची गाय सोडून नेतो.

आमच्या हेड कॅशियरांची गाय अशीच गेली. त्यांच्या मुलीने शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट कॉम्प्युटरवर ठेवला होता आणि हेड कॅशियरांनी त्याच डिस्कवर वडिलांचे जुने फोटो. अल्बमला वाळवी लागली होती म्हणून दोन महिने रोज रात्री बसून एकेक फोटो त्यांनी स्कॅन केला होता. मे महिन्यातल्या एका दुपारी डब्यातून फट्‌ असा आवाज आला, जळका वास आला आणि सगळे शांत झाले. डबा गेला तो मदरबोर्ड आणि डिस्क घेऊन गेला. वॉरंटी होती. दुकानदाराने नवा डबा दिलाही. तसाच, त्याच जातीचा. फोटो वॉरंटीत नव्हते. मुलीचा प्रोजेक्ट मैत्रिणींच्या मदतीने कसाबसा पुन्हा झाला. हेड कॅशियर त्या दिवसापासून फोटोंविषयी बोलत नाहीत. दिवसाकाठी लाखो रुपये मोजणाऱ्या त्या माणसाला त्या एका डब्यात किती वाचले होते हे विचारायचा मला धीर झालेला नाही.

“पण आमच्याकडे यूपीएस आहे,” असे आता कोणीतरी म्हणणार. जरूर असावा. पण घरगुती यूपीएसला वीज गेल्यावर बॅटरीवर यायला काही मिलिसेकंद लागतात. तेवढा वेळ कळ काढायची ती एसएमपीएसने. मानकाप्रमाणे त्याने साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरावी अशी अपेक्षा असते. ती तग आतल्या मोठ्या कपॅसिटरच्या जोरावर असते. तो कपॅसिटरच काटकसरीत बारीक केलेला असला तर यूपीएस धावत येईतो कॉम्प्युटर मान टाकतो. मग घरातले यूपीएसला शिव्या देतात. तोही बिचारा वेळेवरच आलेला असतो.

आता दुसऱ्या टोकाची मंडळी. ही म्हणतात, मामा बरोबर बोलतात, एसएमपीएस उत्तम हवा. घ्या हजार वॅटचा! ही मंडळी त्या पहिल्यांइतकीच माझ्या रागाचा विषय आहेत. दोन माणसांच्या घरात पन्नास माणसांचा कुकर आणला म्हणून भात चांगला होत नाही. हिशेब करा. ६५ वॅटचा म्हणून मिळणारा प्रोसेसर जोर लावला की नव्वदच्या आसपास जातो. काही जाती त्याहून पुढे जातात, तेवढे पाहून घ्यावे. बेताचे ग्राफिक्स कार्ड १३० वॅटचे. बोर्ड, रॅम, डिस्क, पंखे मिळून पन्नास. झाले दोनशे सत्तर. कार्ड क्षणभर उसळी मारते, त्याची सोय ठेवा. प्रामाणिक ४५० वॅट या संसाराला पुरतात. पुढेमागे मोठे कार्ड यायचे असेल तर ५५०. त्यावरचे पैसे शेजाऱ्याला सांगण्यासाठी.

शिवाय पदकांचा घोळ आहे. २००४ साली ‘८० प्लस’ नावाचे प्रमाणपत्र निघाले. २०, ५० आणि १०० टक्के भारावर डब्याने निदान ८० टक्के वीज वाया न घालवता पुढे द्यावी, ही त्याची मूळ अट. मग विमा एजंटांच्या क्लबांसारख्या पायऱ्या आल्या: ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, टायटॅनियम. हे प्रमाणपत्र काटकसरीचे आहे, सज्जनपणाचे नव्हे. डब्यात संरक्षणे आहेत का, तो किती वर्षे टिकेल, हे त्यात येत नाही. पण काटकसर तरी खरी असते. समजा, आतले भाग २०० वॅट खात आहेत. ७० टक्क्यांचा डबा त्यासाठी भिंतीतून २८५ ओढील, ८५ टक्क्यांचा २३५. पन्नास वॅटचा फरक. रोज सहा तास असे दाबून काम केले तर वर्षाला सुमारे एकशे दहा युनिट. युनिटला आठ रुपये धरा, पावणेनऊशे रुपये झाले. म्हणजे साडेसातशेचा डबा पहिल्याच वर्षी स्वतःच्या किमतीहून जास्त वीज उडवतो. काम हलके असेल तर फरक कमी पडेल, हे कबूल. पण पडेल तो आपल्याच बिलात.

आणि एक. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, अशी तक्रार पुष्कळ घरांत असते. त्याला एसएमपीएस खराबच असतो असे नाही. त्याच्या आतली गाळणी थोडी वीज कॅबिनेटमार्गे जमिनीत सोडायला बघते, आणि आपल्या जुन्या चाळीत तिसऱ्या पिनेला जमीनच भेटत नाही. भोक असते, मागे वायर नसते. डबा कितीही चांगला घ्या, अर्थिंग नसेल तर ती गाळणी तुमच्या बोटाला जमीन समजणार. तेव्हा एसएमपीएस निवडण्याची सुरुवात दुकानात होत नाही, घरातल्या प्लगात होते. तोही सोफ्याच्या मागेच असतो. पाहुण्यांना दिसत नाही.

शेवटी आम्ही काय घेतले? १२ व्होल्टसमोरचे अँपिअर पाहून, सगळी संरक्षणे छापलेली पाहून, निदान पाच वर्षांची वॉरंटी पाहून, ४५० वॅटचा एक साधा काळा डबा घेतला. साडेतीन हजार पडले. रंगीत पंखे आणि काच गेली. पत्र्याचे मुके कॅबिनेट आले. दुकानदाराने कार्डासाठी एक जोडवायर फुकट देऊ केली, तीही नाकारली, कारण आपल्या डब्याला कार्डाची स्वतःची वायर होती, आणि जिथे ती नसते तिथे जोडवायर लावणे म्हणजे एका माणसाच्या जिन्यावर पियानो चढवणे. भाचा घरी येईपर्यंत फुगून होता.

आजीने पावती पाहिली. म्हणाली, “अरे, साडेतीन हजार या डब्याला? तो तर आतच राहणार.”

मी समजावून सांगू लागलो, १२ व्होल्ट, अँपिअर... तिने मधेच थांबवले. “म्हणजे दुधाचं पातेलं जाड बुडाचं घ्यावं, तसंच ना? पातळ घेतलं की दूध लागतं. मग दूधही गेलं आणि पातेलंही.”

मी या एका वाक्यासाठी दोन बारशांत लोकांना उठवले होते.

तेव्हा कॉम्प्युटर जुळवणाऱ्या तमाम भाच्यांना आणि त्यांच्या मामांना माझे सांगणे एवढेच, की यादीतली शेवटची ओळ उचलून दुसरी करा. प्रोसेसर आधी लिहा, हरकत नाही. पण त्याच्याखाली लगेच त्याला जेवू घालणाऱ्याचे नाव लिहा, आणि पैसे कमी पडले तर रोषणाई कापा. आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही. पाहुणे आले आणि त्यांना डबा दिसला नाही, तर त्यांना आतून उघडून दाखवायची गरज नाही. चहा द्या. आणि तेवढ्यात जमल्यास आपला बनियनही बदलून या.